मिरवणूक, पायरी आणि पडदा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कल्याणहून भिवंडीकडे निघाले की दुर्गाडीचा पूल लागतो. खाली उल्हास नदीची खाडी, शेजारी दुर्गाडीची टेकडी आणि पूल उतरला की समोर कोन गाव. टेकडीवर दुर्गादेवीचे देऊळ आहे आणि त्याच टेकडीवर ईदगाहही आहे. नवरात्रात देवीच्या दर्शनाला रांगा लागतात, ईदेला नमाजासाठी माणसे जमतात. एरवी या रस्त्यावर असतात ते मालाचे ट्रक, रिक्षा आणि कामावर जाणारी-येणारी माणसे. देव दोन्हीकडचा तिथेच असतो. पण आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, कामाच्या घाईत, त्याच्याकडे वर मान करून पाहायला कुणाला फारशी सवड नसते.

समजा, एखाद्या चित्रपट दिग्दर्शकाने या पुलावर कॅमेरा लावला. देवळाचा कळस, ईदगाहची भिंत आणि खालून जाणारी गर्दी त्याने एकाच चौकटीत पकडली. कुणी एक शब्द बोलले नाही तरी प्रेक्षकाला पुष्कळ काही कळेल. यालाच आपण प्रतीक म्हणतो. जी वस्तू स्वतःपेक्षा मोठ्या गोष्टीची आठवण करून देते, ती प्रतीक. कळस म्हणजे नुसते दगड-चुन्याचे काम नव्हे आणि हिरवी चादर म्हणजे नुसते कापड नव्हे.

पण दिग्दर्शकाला आणखी एक गोष्ट ठरवावी लागेल. हे दृश्य कोणत्या दिवशीचे? साध्या दिवसाचे, की सणाच्या? चौकट तीच राहील, वस्तू त्याच राहतील. पण दिवस बदलला की त्यांचा अर्थ बदलेल. साध्या दिवशी ते दृश्य शेजाराचे वाटेल. सणाच्या दिवशी तेच दृश्य पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उभा करील : आज सगळे नीट पार पडेल ना?

चित्रपटातली धार्मिक प्रतीके आणि सण यांच्याविषयी आज बोलायचे आहे. ते भिवंडीच्या वाटेवरून बोलण्याला कारण आहे. हिंदुस्थानी पडद्यावर धार्मिक प्रतीकांचा सर्वांत गंभीर विचार ज्या मोजक्या कलाकृतींनी केला, त्यांतल्या एकीचे बीज याच भिवंडीत पडले. तिची कथा भिवंडीची नाही, त्यातली माणसे पंजाबची आहेत आणि काळ फाळणीच्या आधीचा आहे. तरीही भिवंडी नसती तर ती कदाचित लिहिली गेली नसती. ती कलाकृती म्हणजे ‘तमस’.

सण पडद्यावर काय करतो?

‘तमस’कडे वळण्याआधी, आपले चित्रपट सणाचा उपयोग कसा करतात ते जरा पाहू.

‘शोले’ (१९७५) सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्यातली होळी आठवा. गाव रंगात न्हाऊन निघाले आहे आणि त्या गर्दीपासून दूर ठाकुरांची विधवा सून पांढऱ्या साडीत उभी आहे. तिच्या दुःखाबद्दल कुणी काही बोलत नाही. होळीच ते बोलते. सगळे रंगलेले असतात, म्हणून एकटीचा पांढरा रंग डोळ्यांत भरतो. मग गब्बरची टोळी येते आणि आनंदाची जागा भीती घेते. शेवटी जय तोच गुलाल उचलून डाकूंच्या डोळ्यांत फेकतो. एकाच प्रसंगात रंग आधी उत्सव होतो, मग आठवण होतो आणि मग हत्यार होतो. गुलाल तोच. तो कुणाच्या हातात आहे आणि कुणाच्या दिशेने उडतो आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

‘सत्या’मध्ये (१९९८) गणेश विसर्जनाच्या गर्दीत, चौपाटीवर, भाऊ जावळेचा खून होतो. इथे सण म्हणजे आडोसा आहे. लाखो माणसे एका दिशेला तोंड करून उभी असतात, ढोलांचा आवाज असतो आणि त्या आवाजात एका माणसाचे मरण विरून जाते. गर्दी माणसाला जशी कुशीत घेते, तशी लपवूनही ठेवते.

आणि नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. त्यात गावाची जत्रा आहे. शाळकरी जब्याला त्या जत्रेत इतर पोरांसारखे मिरवायचे आहे. पण पालखीच्या मिरवणुकीत त्याच्या वाट्याला येते ती दिव्याची बत्ती धरण्याची कामगिरी. उजेड त्याच्याजवळ आहे, पण त्या उजेडात नाचणारे दुसरेच आहेत. गावात कोण कुठे उभा आहे हे वर्षभर झाकलेले असते. जत्रेच्या दिवशी ते रस्त्यावर, सगळ्यांसमोर, ओळीने मांडले जाते. आणि डुक्कर पालखीला शिवते तेव्हा गावाला डुकराचा नव्हे, ते पकडणाऱ्या कुटुंबाचा विटाळ आठवतो.

म्हणजे चांगला दिग्दर्शक सणाकडून तीन कामे करून घेतो. पहिले, माणसे एकत्र आणणे. दुसरे, त्या माणसांत कोणाची जागा कुठे आहे हे दाखवणे. आणि तिसरे, वेळ आणि वाट ठरवून देणे. कारण सणाची वेळ सगळ्यांना आधीपासून ठाऊक असते आणि मिरवणुकीचा रस्ताही. ज्याला भले करायचे आहे त्याला ते ठाऊक असते, आणि ज्याला वाईट करायचे आहे त्यालाही.

७ मे १९७०

ही तीन कामे पडद्यावरच होतात असे नाही.

शिवजयंतीचा सार्वजनिक उत्सव लोकमान्य टिळकांनी १८९६ मध्ये रायगडावरून सुरू केला, त्यामागे लोकांना एकत्र आणून त्यांच्यात आत्मविश्वास जागवण्याचा हेतू होता. पुढे तो उत्सव गावोगाव गेला. अनेक वर्षे तो वैशाख शुद्ध द्वितीयेला होत असे. १९७० साली ही तिथी ७ मे रोजी आली. त्या दिवशी भिवंडीत शिवजयंतीची मिरवणूक निघाली आणि मिरवणुकीतच दंगल उसळली. दंगलीचे लोण जळगावपर्यंत पोहोचले. माणसे मेली, घरे जळाली, हातावर पोट असलेल्यांची रोजी गेली. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा चौकशी आयोग नेमला. मिरवणुकीचा मार्ग कोणता होता, घोषणा कोणत्या होत्या, गुलाल कुठे उधळला गेला, दगड कुठून आले, पोलिसांनी काय केले, अशा बारीकसारीक गोष्टींची आयोगाने छाननी केली.

या चौकशीचे विषय पुन्हा एकदा वाचून पाहा. मार्ग, घोषणा, गुलाल. ही सगळी उत्सवाची सामग्री आहे. यांतली एकही वस्तू मुळात वाईट नाही. ज्या महाराजांच्या नावाने ती मिरवणूक निघाली, त्यांच्याविषयीचा आदर भिवंडीत आणि आसपासच्या गावांत खराच होता, आहे. आणि तरी त्या दिवशी संध्याकाळी माणूस माणसाला भिऊ लागला. मघाशी आपण गुलालाबद्दल जे म्हटले, ते इथे प्रत्यक्षात दिसते.

दंगलीनंतर भिवंडीला जी माणसे आली, त्यांत अभिनेते बलराज साहनी होते आणि त्यांच्याबरोबर त्यांचे धाकटे भाऊ, हिंदी लेखक भीष्म साहनी होते. हे दोघे रावळपिंडीचे. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी आणि तिच्या परिसरातल्या गावांत भीषण दंगली झाल्या, तेव्हा भीष्म साहनी तिथेच होते, काँग्रेसचे कार्यकर्ते होते आणि दंगलग्रस्तांच्या मदतकार्यात होते. फाळणीनंतर ते इकडे आले. प्राध्यापकी केली, कथा लिहिल्या. पण रावळपिंडीवर मोठे काही लिहून झाले नव्हते. मधे तेवीस वर्षे गेली. मग भिवंडीच्या उद्ध्वस्त वस्तीतून हिंडताना त्यांना रावळपिंडी दिसू लागली. ही आठवण त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. दिल्लीला परतल्यावर ते लिहायला बसले आणि ‘तमस’ ही कादंबरी झाली. तिला १९७५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

जखम रावळपिंडीची होती. तिची खपली भिवंडीत निघाली.

पायरीवर ठेवलेले जनावर

‘तमस’वर गोविंद निहलानी यांनी सुमारे पाच तासांचा चित्रपट केला आणि दूरदर्शनने तो जानेवारी १९८८ पासून मालिकेच्या रूपात दाखवला. निहलानींचा जन्म कराचीतला, फाळणीत त्यांचेही कुटुंब इकडे आलेले. मराठी प्रेक्षकाला ते परके नाहीत. त्यांचा ‘आक्रोश’ विजय तेंडुलकरांनी लिहिला होता आणि ‘अर्धसत्य’ श्री. दा. पानवलकरांच्या कथेवर उभा होता.

‘तमस’ सुरू होतो एका कोंदट खोलीत. नत्थू नावाचा, कातडी कमावणारा गरीब माणूस एका डुकराला मारायची खटपट करतो आहे. ओम पुरी यांनी ही भूमिका केली आहे. हे काम त्याचे नेहमीचे नव्हे. जनावरांच्या डॉक्टरसाहेबांना मेलेले डुक्कर हवे आहे, असे सांगून त्याच्या हातावर पाच रुपये ठेवलेले आहेत. मिणमिणता दिवा आहे, जनावर हाताला लागत नाही, नत्थू घामाघूम झाला आहे. हा प्रसंग लांबतच जातो. पाहणाऱ्याला वाटते, कशाला एवढे दाखवतात? सकाळी उत्तर मिळते. ते मेलेले डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडते. मग कुठे तरी गाय मारली जाते. आणि मग शहर थांबत नाही.

आता इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ज्या भिवंडीने लेखकाला लिहायला बसवले, तिथली ठिणगी सणाच्या मिरवणुकीत पडली होती. पण ‘तमस’च्या कथेला वळण देणारा एकही सण नाही. मिरवणूक नाही, ढोल नाहीत, गुलाल नाही. साधी रात्र आहे आणि साधी सकाळ आहे. असे का असावे?

एक उत्तर सरळ आहे : लेखक रावळपिंडीची कथा सांगत होता, भिवंडीची नव्हे. पण मला वाटते, कथेच्या दृष्टीने याचा एक मोठा फायदा झाला. सणातल्या दंगलीबद्दल बोलताना आपल्याला दोन सोयीची वाक्ये सापडतात. एक, ‘गर्दीला काय, कसलेही भान नसते.’ दुसरे, ‘त्यांनी मिरवणूक तिकडून न्यायलाच नको होती’, किंवा उलट बाजूने, ‘त्यांनी ती अडवायलाच नको होती.’ दोन्ही वाक्यांत दोष गर्दीवर किंवा समोरच्यावर ढकलून मोकळे होता येते. ‘तमस’ने सण काढून घेतला, गर्दी काढून घेतली. उरली फक्त एक पायरी, तिच्यावर ठेवलेले एक जनावर, आणि ते कुणी ठेवले हा प्रश्न.

आणि गंमत अशी की, गावाला ठाऊक नसले तरी प्रेक्षकाला त्याचे उत्तर ठाऊक आहे. आपण नत्थूला पाहिले आहे. आपल्याला माहीत आहे की ज्याने डुक्कर मारले, त्याच्या मनात कोणत्याही धर्माबद्दल द्वेष नव्हता; पाच रुपयांची गरज होती. ज्याने मारवले, त्याचा हेतू धर्माचा नव्हता, राजकारणाचा होता. मशिदीतल्या माणसाला मात्र त्या वस्तूत आपल्या श्रद्धेचा अपमान दिसतो, आणि तो दिसणे स्वाभाविकही आहे. कारण प्रतीक हे असेच काम करते. ते पाहणाऱ्याच्या मनातल्या सर्वांत पवित्र जागेला हात घालते आणि विचार करायला वेळ देत नाही. म्हणून तर ते वापरणाऱ्याला इतके सोयीचे असते.

चित्रपट पाहताना आपल्याला सारखे ओरडून सांगावेसे वाटते, ‘थांबा, ते तसे नाही!’ हा जो जीव तळमळतो ना, तोच या चित्रपटाचा धडा आहे.

ट्रंक, ताक आणि विहीर

‘तमस’मध्ये प्रतीके भरपूर आहेत, पण ती आरासीसारखी मांडलेली नाहीत. प्रत्येकाचा हिशेब आहे.

कादंबरीतला इंग्रज जिल्हाधिकारी रिचर्ड पाहा. त्याला या देशाच्या प्राचीन इतिहासाचा नाद आहे. बुद्धमूर्ती त्याने हौसेने जमवल्या आहेत. करुणेची मूर्ती दिवाणखान्यात आहे, आणि बाहेर शहर पेटत असताना आवर घालणे ज्याच्या हातात आहे तोच माणूस स्वस्थ आहे. मूर्ती जवळ असली म्हणजे तिचा अर्थ जवळ असतो असे नाही, हे यापेक्षा कमी शब्दांत सांगता येणार नाही.

रणवीर नावाचा एक पोरगा आहे. शूर व्हायचे म्हणून त्याच्याकडून कोंबडी मारून घेतली जाते. सुरुवातीला त्याला मळमळते. पुढे त्याच्या टोळीच्या हातून एका गरीब अत्तरविक्याचा जीव जातो. धर्माच्या नावाने पोराला काय शिकवले जाते आणि ते कुठे जाऊन पोहोचते, हे लेखक त्या कोंबडीपासून दाखवत नेतो.

आणि मग हरनामसिंग आणि बंतो. चहाचे दुकान चालवणारे म्हातारे शीख जोडपे. या भूमिका खुद्द भीष्म साहनी आणि दीना पाठक यांनी केल्या आहेत. जीव वाचवायला ती दोघे रात्रभर चालत परक्या गावी पोहोचतात आणि एका मुसलमान घराचे दार ठोठावतात. घरात राजो आहे, म्हणजे सुरेखा सिक्री. ती त्यांना आत घेते. ताक प्यायला देते. कादंबरीत इथे भांड्याचा प्रश्न येतो. परक्या धर्माच्या घरातले भांडे ओठाला लावायचे की नाही? जीव जायची वेळ आली आहे आणि तरी हा संकोच आहे. राजोलाही तो समजतो, ती रागावत नाही. पिढ्यान् पिढ्यांची शिवाशिव दोन घोटांच्या अंतरावर येऊन थांबते.

थोड्या वेळाने राजोच्या घरचे पुरुष एक लुटलेली ट्रंक घेऊन येतात. ती नेमकी हरनामसिंगच्या दुकानातली असते. कुलूप फोडण्याची खटपट सुरू होते. तेव्हा आतून हरनामसिंग बाहेर येतो आणि कुलूप तोडू नका, ही घ्या किल्ली, असे सांगून किल्ली पुढे करतो. साधी लोखंडी ट्रंक, साधी किल्ली. यांत देव-धर्माचे काहीही चिन्ह नाही. तरी मला हे ‘तमस’मधले सर्वांत पवित्र दृश्य वाटते. कारण लुटणाऱ्याने प्रथमच लुटलेल्याचा चेहरा पाहिला आहे.

याच्या उलट टोकाला विहीर आहे. गुरुद्वारात अडकलेल्या शीख बायका, पुढे जसबीर, एकामागून एक विहिरीत उड्या घेतात. हे कल्पित नाही. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडीजवळच्या थोहा खालसा गावात असे खरोखर घडले होते. इथे धर्म, अब्रू आणि मरण एकमेकांत इतके गुंतून गेले आहेत की पाहणाऱ्याला गौरव करावा की रडावे हे कळत नाही. दिग्दर्शकही सांगत नाही. तो फक्त दाखवतो.

चित्रपट संपतो तो एका नवजात बाळाच्या रडण्यावर. नत्थू मेला आहे आणि निर्वासितांच्या छावणीत त्याची बायको बाळंत होते आहे. ही भूमिका दीपा साही यांची. बाहेर दोन्हीकडच्या देवाच्या नावाच्या आरोळ्या चालू आहेत. वास्तविक जन्माच्या वेळी घराघरात देवाचेच नाव घेतात. इथेही ते घेतले जाते आहे, पण बाळासाठी नव्हे. शब्द तेच, फक्त कशासाठी ते बदलले. पुन्हा गुलालाचेच गणित.

सकाळचे रामायण, रात्रीचा तमस

आता पडद्याबाहेर येऊ. ‘तमस’ सुरू झाला तेव्हा त्याच दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी रामानंद सागर यांचे ‘रामायण’ चालू होते. ते जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत चालले. त्या वेळच्या लोकांना आठवत असेल, रस्ते ओस पडायचे. कित्येक घरांत दूरदर्शन संचाला हार घालत, उदबत्ती लावत. संचच देव्हारा झाला होता. सकाळी ज्या काचेसमोर हात जोडले, त्याच काचेवर रात्री त्याच श्रद्धेचा गैरवापर कसा होतो ते दिसत होते. देशाने त्या काही आठवड्यांत प्रतीकाच्या दोन्ही बाजू एकाच पडद्यावर पाहिल्या.

साहजिकच वाद झाला. ‘तमस’मुळे लोक भडकतील, म्हणून प्रक्षेपण थांबवावे, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी काय केले? त्यांनी आधी तो चित्रपट संपूर्ण पाहिला आणि मग याचिका फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे १६ फेब्रुवारी १९८८ रोजी निकाल लागला आणि प्रक्षेपण योग्य ठरले. सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घेतली ती आपल्या नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी चाळीसच्या दशकात सांगितलेली. एखाद्या कलाकृतीचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या नजरेने. ज्याला जिथे तिथे धोका दिसतो अशा दुबळ्या मनाच्या माणसाच्या नजरेने नव्हे.

मला यातली ‘आधी संपूर्ण पाहिला’ ही गोष्ट फार मोलाची वाटते. प्रतीक अर्धेच पाहिले की भडकवते आणि पूर्ण पाहिले की विचार करायला लावते. मशिदीच्या पायरीवरचे डुक्कर हे अर्धे दृश्य आहे. नत्थूची खोली धरून ते पूर्ण होते. ‘तमस’ला पुढे राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला. सुरेखा सिक्री आणि संगीतकार वनराज भाटिया यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

पुन्हा भिवंडी

आणि भिवंडीचे काय झाले? मे १९८४ मध्ये तिथे पुन्हा मोठी दंगल झाली. मात्र त्यानंतर या शहराने एक वेगळी गोष्टही करून दाखवली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक वस्तीत दोन्ही समाजांची साधी माणसे, कुणी कारागीर, कुणी दुकानदार, आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस. नळावरचे भांडण असो की अफवा, आधी तिथे बोलायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. हे पुष्कळांना खरे वाटले नव्हते.

यात जादू नव्हती. चित्रपटाच्या भाषेत सांगायचे तर त्या समित्यांनी शहराला नत्थूची खोली पाहायची सवय लावली. सकाळी पायरीवर काही सापडलेच, तर ‘ते असेच आहेत’ असे न म्हणता ‘हे कुणी ठेवले?’ असे विचारणारी दहा माणसे प्रत्येक वस्तीत तयार झाली. ती एकमेकांना नावाने ओळखत होती. किल्ली पुढे करायला समोरचा माणूस ओळखीचा असावा लागतो.

ही शांतता एकदा मिळवली की कायमची आपली झाली, असे मात्र नाही. जुलै २००६ मध्ये भिवंडीत पुन्हा हिंसा झाली, त्यात पोलीसही मारले गेले. विहीर उपसत राहावी लागते, तसेच हे काम आहे. पाणी आहे म्हणून उपसा थांबवला की गाळ साचतो.

तेव्हा पुढच्या वेळी पडद्यावर सण दिसला, मिरवणूक दिसली, तर नुसते रंग पाहून सोडून देऊ नका. तीन गोष्टी पाहा. ही वाट कुणी ठरवली? या उजेडात कोण नाचतो आहे आणि बत्ती कुणाच्या हातात आहे? आणि जी वस्तू पाहून माणसे चिडली, ती तिथे कुणी आणून ठेवली? दिग्दर्शक चांगला असेल तर या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याने चौकटीत कुठे ना कुठे ठेवलेली असतात.

आणि चित्रपट संपवून घरी जाताना, वाटेत आपल्याच गल्लीतली मिरवणूक लागली, तर तिथेही हेच तीन प्रश्न विचारून पाहायला हरकत नाही. सण आपलाच असेल तर आधी विचारावेत.